तळ्यापलीकडची टोपली

फोनच्या पडद्यावर ‘हिरामण’ असं नाव उमटलं तेव्हा मी ऐरोलीच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. दुपारचे साडेबारा वाजले असतील. मी फोन कापला आणि सवयीने तयार मेसेज पाठवून दिला... ‘मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो.’ पाच मिनिटांनी पुन्हा तेच नाव. पुन्हा कापला. मीटिंग काही एवढी महत्त्वाची नव्हती. गेली दोन वर्षं हिरामणचा फोन मी असाच कापत आलो होतो, आणि त्यानेही कधी लागोपाठ दोनदा केला नव्हता. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मात्र उठून बाहेर आलो. पलीकडे त्याची मुलगी होती, कमल. म्हणाली, “काका, बाबा गेले.” मला कळलंच नाही. मी विचारलं, “कुठे गेले?” मग तिच्या रडण्याचा आवाज आला, आणि मागून पाच-सहा बायकांचा.

सकाळी तो शेतात भाताच्या रोपांसाठी राब भाजायला गेला होता. छातीत कळ आली म्हणून बांधावर टेकला, तो उठलाच नाही. एक्कावन्न वर्षांचा होता, माझ्याएवढाच. बदलापूरहून बारवीकडे जाणारा रस्ता सोडून आत वळलं की डोंगराच्या पायाशी त्याची वाडी. मी पोचलो तेव्हा त्याला अंगणात आणून ठेवलं होतं. उशाशी त्याचा फोन पडला होता, आणि मी पाठवलेला तो मेसेज अजून पडद्यावर दिसत होता. मी वाकून फोन पालथा घातला. हिरामणसाठी मी त्या दिवशी एवढंच केलं... आणि तेही स्वतःसाठीच.

हे मी आज का लिहितो आहे, ते पुढे येईलच. आधी हिरामण कोण होता ते सांगायला हवं.

पाचवीत तो आमच्या बदलापूरच्या शाळेत आला. वाडीवरून रोज चालत यायचा, चपला हातात धरून. शाळेच्या दाराशी आल्यावर पायात घालायचा. बाईंनी त्याला माझ्या बाकावर बसवलं आणि दहावीपर्यंत तो तिथून हलला नाही. माझं गणित चांगलं होतं, त्याचा नेम. शाळेमागच्या चिंचेवर आम्ही सगळे दगड मारायचो. बाकीच्यांचे दगड पानांत हरवायचे, याचा दगड नेमका देठाला लागायचा आणि आकडा खाली पडायचा. कसं जमतं, असं विचारलं तर म्हणायचा, “आधी कान लावायचा. वारा कुठून वाजतोय ते बघायचं.” आम्ही हसायचो. वारा कुठून वाजतो म्हणे! दहावीनंतर मी कॉलेजात गेलो, पुढे इंजिनिअर झालो. तो उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये एका शेठच्या मोल्डिंगच्या कारखान्यात लागला. बादल्या, डबे, खेळणी, जे साच्यातून निघेल ते. तीस वर्षं त्याच मशीनसमोर उभा राहिला. त्याच्या दोन्ही हातांवर मनगटापर्यंत भाजल्याच्या बारीक पांढऱ्या खुणा होत्या, आणि बोलणं निम्मं वाडीचं, निम्मं कॅम्पातल्या हिंदीचं झालं होतं.

मैत्री मात्र सुटली नाही, याचं श्रेय पूर्ण त्याचं. बदलापुरातच, हेंद्रेपाड्यातल्या माझ्या घरी तो महिन्यातून एकदा तरी यायचा. बेल न वाजवता दार ढकलून थेट स्वयंपाकघरात. हातात कधी कुर्डूची भाजी, कधी करवंदं. “अव्या, चहा टाक,” अशी आरोळी आधी आणि माणूस मागाहून.

काही वर्षांपूर्वी कंपनीने मला सहा महिने परदेशी पाठवलं होतं. तिथे मी डिस्क गोल्फ शिकलो. गोल्फसारखाच खेळ, फक्त काठी-चेंडूऐवजी हातात प्लास्टिकची चकती, आणि जमिनीतल्या खड्ड्याऐवजी खांबावर बसवलेली लोखंडी टोपली, वरून साखळ्या सोडलेल्या. ठरलेल्या जागेवरून चकती फेकायची, पडेल तिथून पुन्हा फेकायची, कमीत कमी फेकींत टोपलीत घालायची. परत येताना तीन चकत्या घेऊन आलो. हिरामणने त्या पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा फेकल्या नाहीत. खिडकीपाशी उजेडात धरून काठ बोटाने चाचपत राहिला. म्हणाला, “काठाला जड, मधे हलकी. माल एकदम चांगला वापरलाय. ही ताटली मला एक दे आठ दिवस.”

आठ दिवसांचे तीन महिने झाले. त्याने शेठला पटवलं, साचेवाल्याच्या मागे लागला, आणि एका रविवारी सहा ताटल्या घेऊन आला. बादल्यांच्या उरलेल्या मालातून काढलेल्या, त्यामुळे रंग बादलीसारखाच गडद हिरवा. ना छाप, ना चित्र. “शेठ बोलतो, हिरामन, ये थाली में खाना क्या रखेगा, किनारा तो उलटा है!” असं सांगून तो पोट धरून हसला. ताटल्या जराशा जड होत्या, पण सरळ जात होत्या. भात कापून झालेल्या त्याच्या खाचरात आम्ही हिवाळाभर खेळलो. जुन्या सायकलच्या रिंगा आणि जनावरांच्या साखळ्या जोडून टोपल्याही त्यानेच बनवल्या. मी परदेशात प्रशिक्षकाकडून शिकलो होतो. पंधरा दिवसांत तो माझ्या पुढे गेला. हरल्याचं मला वाईट वाटलं नाही. उन्हात बांधावर बसून त्याची बायको सुंदरावहिनी हाक मारायची, “दोन म्हातारी पोरं, जेवायला या आता!” ...माझ्या आयुष्यातले ते फार चांगले रविवार होते.

दोन वर्षांपूर्वी, एप्रिलात, आमच्या कंपनीतल्या काही जणांनी कुमाऊंला जायचं ठरवलं. तिकडे डोंगरांत तळी आहेत, भीमतालच्या पलीकडे तर एकेका वळणावर एक. त्यातल्या एका तळ्याकाठी बिष्टजी नावाच्या निवृत्त फौजी गृहस्थांनी पाहुण्यांसाठी घर बांधलं होतं आणि तळ्याभोवतीच्या बांजाच्या, म्हणजे पहाडी ओकच्या झाडांत डिस्क गोल्फच्या नऊ टोपल्या उभ्या केल्या होत्या. आमचे वरिष्ठ, विक्रम, या खेळाचे वेडे. त्यांनीच बेत आखला. जोड्याजोड्यांनी खेळायचं होतं. माझा जोडीदार ऐन वेळी गळला. विक्रम म्हणाले, कुणालाही घेऊन ये. मला दुसरं कुणी आठवायचा प्रश्नच नव्हता.

हिरामणने नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा सलग आठ दिवस सुट्टी घेतली. बाकीचे विमानाने जाणार होते. मी त्याच्याबरोबर कल्याणहून गाडी पकडली. सुंदरावहिनीने तांदळाच्या भाकरी आणि सुकटीची चटणी बांधून दिली होती. तो नवे बूट घालून आला होता आणि दर दोन तासांनी ते काढून पुसत होता. ताटल्यांची पिशवी मांडीवरून खाली ठेवायला तयार नव्हता. पहाटे काठगोदामला उतरलो आणि जीप घाट चढू लागली तशी बुरांसाची झाडं दिसली, लालभडक फुलांनी भरलेली. तो खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाला, “अव्या, हा आपल्या पळसाचा मोठा भाऊ दिसतोय रे.” तोपर्यंत सगळं ठीक होतं. तोपर्यंतचा मी मला अजून बरा वाटतो.

बिष्टजींच्या अंगणात जीप थांबली तेव्हा विक्रम आणि बाकीची मंडळी दुसऱ्या गाडीतून नुकतीच उतरत होती. हिरामणला उभं राहून बघत बसायची सवय नाही. त्याने आमच्या बॅगा काढल्या, मग त्यांच्याही काढायला लागला. एक खांद्यावर, दोन हातांत. विक्रमनी ते पाहिलं आणि मोकळेपणाने हसून म्हणाले, “अरे अविनाश, तू आदमी साथ लाया है? बढ़िया किया यार! हमें सूझा ही नहीं.”

यात वाईट काही नव्हतं. त्यांना माहीत नव्हतं. मला एवढंच म्हणायचं होतं की हा हिरामण, माझा शाळेपासूनचा मित्र, माझा जोडीदार. सात-आठ शब्द. मी आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांचे चष्मे, जॅकेटं, चकत्या ठेवायच्या खास पिशव्या... आणि हिरामणच्या हातात कॅम्पातल्या कापडदुकानाची नायलॉनची पिशवी. मी म्हणालो, “हां... घर का ही है. काम पे रहता है हमारे यहाँ.”

हिरामण माझ्यापासून हातभर अंतरावर होता. माझीच बॅग त्याच्या खांद्यावर होती. त्याने माझ्याकडे पाहिलं. किती वेळ, ते सांगता येत नाही. रागाने पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तो असा बघत होता, जणू मला काही दुखतंय-खुपतंय का ते शोधतोय. मग मान खाली घालून, अगदी साध्या आवाजात म्हणाला, “साहेब, ही कुठल्या खोलीत ठेवू?”

चाळीस वर्षांत त्याने मला पहिल्यांदा साहेब म्हटलं. माझी लाज राखायला म्हटलं.

माझ्या खोलीत दोन पलंग होते, तळ्याकडे तोंड करून. तो घरामागे ड्रायव्हर लोकांच्या खोलीत झोपला. संध्याकाळी मी त्याला मागच्या ओट्यावर गाठलं आणि म्हणालो, “हिऱ्या, चुकून तोंडातून गेलं रे. उद्या सकाळी सगळ्यांना सांगतो.” तो बिष्टजींच्या स्वयंपाक्याबरोबर वाटाणे सोलत होता. म्हणाला, “ऱ्हाऊ दे. तुझं ऑफिस हाय, नोकरी हाय. मला काय, डोंगर बघायचा व्हता, बघतोय.” मी हुश्श केलं. खरंच केलं, लपवत नाही. त्याने मला सोडवलं असं वाटून मी जेवायला गेलो, आणि त्या दिवशीचं जेवण मला चांगलं लागलं.

दुसऱ्या दिवशी सांगणं आणखी अवघड झालं, तिसऱ्या दिवशी अशक्य. काल खोटं बोललो होतो असं आधी कबूल करावं लागणार होतं ना! जोडीदाराला ऐन वेळी जमलं नाही असं मी सांगितलं, आणि माझ्याबरोबर बिष्टजी खेळले. हिरामण पाण्याच्या बाटल्या घेऊन मागून चालायचा आणि झाडीत गेलेल्या चकत्या शोधून आणायचा. सगळे त्याच्यावर खूष होते. एकदा मी फेकायला उभा राहिलो तर मागून अगदी हळू आवाजात म्हणाला, “साहेब, वारा डावीकडून वाजतोय.” मी ऐकलं. चकती टोपलीच्या बुडाशी पडली, टाळ्या झाल्या. मी मागे वळून पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी विक्रमची आवडती चकती तळ्यात गेली. काठापासून फार लांब नाही, पण पाणी बर्फासारखं. आम्ही सहा जण काठावर उभे राहून बघत होतो. विक्रम मला म्हणाले, “इसको बोलो ना ज़रा.” मी बोललो. “हिरामण, जरा बघतोस का?” त्याने बूट काढले, मोजे आत कोंबून नीट बाजूला ठेवले, पँट वर खोचली. खोचून काही उपयोग झाला नाही, पाणी छातीपर्यंत आलं. पायाने चाचपत चाचपत त्याने ती चकती शोधली आणि डोक्यावर धरून बाहेर आला. ओठ निळे पडले होते. कुणीतरी टॉवेल दिला. तो मी दिला नव्हता.

परतीच्या प्रवासात तो जवळजवळ सगळा वेळ वरच्या बर्थवर झोपून होता. कल्याण स्टेशनवर उतरल्यावर माझी बॅग माझ्या हातात देऊन म्हणाला, “घे अव्या, तुझं सामान.” एवढंच. पुन्हा त्या चार दिवसांबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. भाजी आणत राहिला, पण वर येईना. खाली वॉचमनकडे पिशवी ठेवून जायचा. वॉचमन इंटरकॉमवर सांगायचा, “साहेब, तुमचा माणूस भाजी देऊन गेला.” तुमचा माणूस... मी त्यालाही दुरुस्त केलं नाही. रविवारी खेळायला जाणं बंद झालं. कधी त्याचा फोन यायचा, मी ‘नंतर करतो’ म्हणायचो आणि करायचो नाही. त्याला सामोरं जायची लाज वाटत होती, आणि त्या लाजेला मी कामाचा व्याप असं नाव दिलं होतं. लाज वाटणाऱ्या माणसाने माफी मागायला हवी. मी ज्याची मागायची त्यालाच टाळत राहिलो. दोन वर्षं. बदलापूर ते त्याची वाडी, स्कूटरने पाऊण तास.

दहाव्याला मी वाडीवर गेलो. अंगणात सगळे खाली बसले होते. मला पाहताच कुणीतरी आतून खुर्ची आणली. मी नको म्हणालो तर एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, “बसा हो. तुमी हिरामनला हिमालयात नेलंत. कोन नेतं?” सुंदरावहिनी बायकांना सांगत होती, “हेच ते अविनाशभाऊ. तळ्याच्या काठाला एका खोलीत दोघं ऱ्हायले. एका टेबलावर जेवले. मोठमोठी साहेब लोकं, पन ह्यांनी सांगलं, हा माझा दोस्त हाय, माझ्या बाकावरचा.” बायका माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. मी खुर्चीत बसून राहिलो. हिरामणने घरी येऊन हे सगळं सांगितलं होतं. जे व्हायला हवं होतं ते सगळं घडलं म्हणून सांगितलं होतं, आणि माझ्या तोंडी ते शब्दसुद्धा घातले होते, जे माझ्या तोंडून निघाले नाहीत.

निघताना सुंदरावहिनी दारापर्यंत आली. म्हणाली, “भाऊ, तिथला एक फोटो असंल ना तुमच्याकडं? कमल बोलते, भिंतीवर तिथलाच लावायचा.”

घरी येऊन मी फोनमधले त्या चार दिवसांचे सगळे फोटो पाहिले. शेकड्याने होते. तळं, डोंगर, बुरांस, टोपल्या, आम्ही सगळे ओळीने हसत उभे. हिरामण एकाही फोटोत नव्हता. आमचे फोटो तोच काढत होता ना! शेवटी एक सापडला. विक्रमनी काढून आमच्या ग्रुपवर टाकलेला. छातीभर पाण्यात हिरामण, चकती डोक्यावर धरलेली, खाली कुणीतरी हसरे चेहरे टाकलेले... मीसुद्धा एक टाकला होता. हे मी पार विसरलो होतो.

तो फोटो देता येत नव्हता, आणि नाही म्हणून सांगताही येत नव्हतं. मी आठवडाभर स्वतःशी घोळ घालत राहिलो, आणि मग एका रविवारी सकाळी वाडीवर गेलो. सुंदरावहिनी एकटीच होती, पडवीत तांदूळ निवडत. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. ‘काम पे रहता है’ पासून तळ्यातल्या पाण्यापर्यंत. ती निवडायची थांबली नाही. माझं संपल्यावर सूप खाली ठेवलं.

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा म्हणेल की जाऊ द्या भाऊ, झालं ते झालं. मनातून मी त्याच वाक्याची वाट बघत होतो, हेही लिहायला हवं.

ती म्हणाली, “हे मला कशापायी सांगता आता?”

मी म्हणालो, “वहिनी, मला राहवेना. खरं काय ते तुम्हाला...”

“तुमाला राहवेना!” तिचा आवाज चढला. “ते व्हते तवा दोन वर्सं राहवलं तुमाला. त्या मानसानं आयुष्यात एकदा सुट्टी घेतली. आल्यावर आठ दिस सांगत व्हते, पोरीला, मला, आख्ख्या वाडीला. आमच्याकडं त्यांचं तेवढंच एक सुखाचं व्हतं. तुमी आज आलात नि ते पन घेऊन चाललात. तुमचं मन हलकं झालं ना? मंग जावा.”

मी उठलो. दुसरं काय करणार? तिचं अक्षर न् अक्षर बरोबर होतं. हिरामणने माझ्यासाठी खोटं सांगितलं असं मी समजत होतो. ते त्याने तिच्यासाठी सांगितलं होतं, कमलसाठी सांगितलं होतं, आणि मी त्यावरही माझाच हक्क धरून ते मोडायला आलो होतो. चपला घालत होतो तेवढ्यात तिने हाक मारली.

“थांबा. एक सांगा. सगलंच खोटं व्हतं का? ते बोलले, शेवटच्या दिवशी त्यांनी पान्यावरनं ताटली टाकली नि ती पार पल्याडच्या टोपलीत गेली. ते पन खोटंच का?”

“नाही वहिनी,” मी म्हणालो. “ते खरं आहे. मी तिथे होतो.”

“मंग बसा. ते सांगा. नीट सांगा.”

मी पायरीवरच बसलो आणि सांगितलं.

शेवटच्या दिवशी सकाळी मला लवकर जाग आली. उजाडलं होतं, बाकीचे अजून उठायचे होते. खाली आलो तर हिरामण नवव्या टप्प्यावर, शेवटच्या टोपलीकडे जिथून फेकायचं त्या दगडावर उभा. तिथे तळ्याचा एक फाटा आत घुसलेला आहे. दगड अलीकडच्या काठावर आणि टोपली पलीकडे, दोन बांजाच्या झाडांच्या मधल्या फटीत. चारही दिवस आम्ही सगळे काठाकाठाने, तीन-तीन फेकींत जात होतो. थेट पाण्यावरून टाकायची कुणाची हिंमत झाली नव्हती. मला पाहून तो म्हणाला, “कोनी नाय ना रे उठलेलं? मी टाकू का एक?”

रे म्हणाला. चार दिवसांनी.

त्याने नायलॉनच्या पिशवीतून हिरवी ताटली काढली. बूट काढून अनवाणी उभा राहिला. डोळे मिटून थोडा वेळ कान दिला. मग दोन पावलं टाकली आणि सोडली. ताटली पाण्याला घासून जाईल इतकी खाली गेली, तळ्यात तिची सावली तिच्याबरोबर पळत होती. मध्यावर ती डावीकडे कलली. मला वाटलं, गेली. पण तिथे वाऱ्याने तिला अलगद उचललं, ती वळली, दोन झाडांच्या मधून शिरली आणि दिसेनाशी झाली. क्षणभर काहीच नाही. मग पाण्यावरून साखळ्यांचा आवाज आला, खळ्ळकन.

तो ओरडला नाही. माझ्याकडे बघून त्याने विचारलं, “लागली?” मी म्हणालो, “लागली.” आम्ही काठाने धावत गेलो. पन्नाशीकडे झुकलेले दोघं जण, तो अनवाणी. ताटली टोपलीत मधोमध बसली होती. त्याने ती उचलली, शर्टाला पुसली आणि म्हणाला, “अव्या, हे तेवढं सांगशील त्यांना? बाकी काय नको. हे तेवढं.” मी म्हणालो, “सांगतो.”

नाश्त्याला सगळे जमले. विक्रम खिडकीतून नवव्या टप्प्याकडे बघत म्हणाले, “वो सीधा पानी के ऊपर से... नामुमकिन है. किसी से नहीं होगा.” हिरामण चहाचा ट्रे घेऊन दारात उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी टोस्टला लोणी लावत राहिलो.

हे सगळं मी सुंदरावहिनीला सांगितलं, लोण्यासकट. तिने सूप बाजूला सरकवलं. मग म्हणाली, “आवाज कसा आला बोललात साखलीचा?”

“खळ्ळकन.”

“ते पन असंच करून दाखवायचे.” तिने पदराने तोंड पुसलं. सूप पुन्हा मांडीवर घेतलं. “तुमी पेपरात लिवता ना कधी कधी? मंग लिवा. तुमचं काय लिवायचं ते लिवा, पन हे पन लिवा. त्यांनी तुमाला सांगलं व्हतं ना, सांग म्हनून.”

म्हणून लिहितो आहे. विक्रम, तुम्ही मराठी वाचत नाही, पण कुणीतरी तुम्हाला हे वाचून दाखवेल. त्या टप्प्यावर, थेट पाण्यावरून, एका फेकीत टोपली गाठता येते. बारवीजवळच्या वाडीतल्या हिरामणने ती गाठली, उल्हासनगरला स्वतःच्या हाताने काढलेल्या ताटलीने. तो माझ्याकडे कामाला नव्हता. तो माझा मित्र होता. मी तिथे उभा होतो आणि मी पाहिलं.